विधवेचा दाय आणि ‘आद्य’ शब्द

जुन्या दप्तरांतील वाटणीपत्रांवर व दत्तकपत्रांवर टीपा देतांना ‘शास्त्रानें विधवेस अन्नवस्त्रापलीकडे कांहीं दिलें नाहीं’ असें एक वाक्य आपले लेखक सहज लिहून जातात. या विधानास मूळ ग्रंथांत आधार किती आणि मागाहून झालेल्या न्यायनिर्णयांत किती, याचा निवाडा केल्यावांचून तें यापुढें लिहिलें जाऊं नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अपुत्र मृताच्या दायादांची जी परंपरा याज्ञवल्क्यानें सांगितली, तींत पहिलें नांव पत्नीचें. कन्या तिच्या मागून. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत (१०७६–११२६) मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें नियोगादि पक्षांचें खंडन करून या ठिकाणीं पत्नीचा अधिकार स्थापिला आहे. अट मात्र मोठी: पति विभक्त असला पाहिजे. एकत्र कुटुंबांत मृताचा अंश भाऊबंदांकडे जावयाचा व विधवेच्या वांट्यास पोषण तेवढें यावयाचें. उपरिनिर्दिष्ट वाक्य या दुसऱ्या प्रकारापुरतेंच खरें आहे. म्हणजे कागद वाचतांना पहिला प्रश्न ‘घर विभक्त कीं अविभक्त’ हा. आणि तोच बहुधा कोणी विचारीत नाहीं.

आतां विभक्त पतीच्या पत्नीस जें मिळालें, तें तिच्या हातीं कोणत्या नात्यानें राहिलें? स्त्रीधनाचे प्रकार सांगणाऱ्या श्लोकांत ‘आधिवेदनिक’, म्हणजे दुसरी बायको करितांना पहिलीस द्यावयाचें धन, या शब्दास जोडून विज्ञानेश्वर ‘आद्य’ असें पद वाचतो आणि त्याच्या पोटांत दाय, क्रय, विभाग, परिग्रह व अधिगम हीं पांचही घालतो. स्त्रीधन हा शब्द यौगिक आहे, पारिभाषिक नव्हे, असें तो स्पष्ट म्हणतो. अर्थात् दायानें आलेलें धनहि तिचेंच. बंगालच्या जीमूतवाहनाच्या दायभागांत मात्र ‘आद्यं च’ याच्या जागीं ‘चैव’ असा पाठ आहे. तेथें यादी मिटली. पोथ्या गोळा करणाऱ्या मंडळींस पाठभेदाचें महत्त्व मीं सांगावें असें नाहीं. तरी एवढ्याशा फरकावर इतक्या जमिनीची मालकी अडकल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें काशींत राहून व्यवहारमयूख रचला. त्यानें पारिभाषिक व इतर असा भेद करून इतर स्त्रीधनाचा वारसा पुत्रादिकांकडे नेला. म. म. काणे यांनीं १९२६ सालीं काढलेल्या आवृत्तींत हा भाग टिपांसह पाहावयास मिळतो. आमच्या सातारा प्रांतीं मिताक्षरेचें प्रामाण्य मोठें, गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मयूखाचें.

असें असतां १८६६ सालीं ठाकूर देयीच्या व १८६७ सालीं भगवानदीन दुबे विरुद्ध मैनाबाई या दाव्यांत विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, मिताक्षरा पद्धतींतहि विधवेस पतीच्या मिळकतीचा अधिकार मर्यादितच. ती गेल्यावर मिळकत पतीच्या वारसांकडे परत. या निर्णयास शास्त्राधार अजिबात नव्हता असें मी म्हणत नाहीं. विधवेनें संयमानें उपभोग घ्यावा व मागाहून दायादांनीं घ्यावें, असें कात्यायनाचें वचन आहेच. परंतु एका वचनाच्या बळावर टीकाकाराचा स्पष्ट अर्थ बाजूस सारणें हें मला ग्रंथास धरून वाटत नाहीं. आणखी गंमत अशी कीं, मुंबई इलाख्यांत दायानें आलेल्या धनावर कन्येस व बहिणीस पूर्ण मालकी मानली गेली. पत्नीस, जिचें नांव यादींत सर्वांआधीं, तिला नाहीं!

१९३७ च्या कायद्यानें विधवेस मुलाबरोबर वांटा दिला, पण मर्यादित मालकीचाच. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानें ती मर्यादा उठली. त्या कलमाच्या स्पष्टीकरणांत वारसा, वाटणी, खरेदी इत्यादि जे मार्ग मोजले आहेत, ते वाचतांना विज्ञानेश्वराच्या पंचकाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

हा संकोच आपल्याच देशांत होता असें समजणाऱ्यांनीं फ्रान्सकडे पाहावें. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेंत बाराव्या पिढीपर्यंतचे रक्तसंबंधी संपल्यावर विधवेची पाळी येई. १८९१ मध्यें मुलें असतां तिला चतुर्थांशाचा केवळ उपभोग मिळाला. पुढें ३ डिसेंबर २००१ च्या कायद्यानें सर्व मुलें उभयतांचीं असल्यास सबंध मिळकतीचा उपभोग किंवा चतुर्थांशाची मालकी यांतून निवड करण्याचा, शिवाय राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला. गोमंतकांत लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज संहितेची वाट निराळी: वारसांच्या क्रमांत जोडीदार भावंडांच्याहि मागें, परंतु विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर मिळकतीचा अर्धा भाग प्रथमपासून त्याचा स्वतःचाच. विज्ञानेश्वराची कल्पना मला या दोहोंहून अधिक सरळ वाटते.

आतां घरचा एक कागद. माझ्या चुलत आजीचे पति १९३४ सालीं विटें येथें वारले; घर एकत्र. भाऊबंदांनीं तिला अन्नवस्त्राप्रीत्यर्थ दोन एकर जिराईत लिहून दिली: हयातीपावेतों खावी, गहाण-खरेदी करूं नये. ती स्वतः मजुरांबरोबर उभी राहून ज्वारी काढी. अखेरच्या आजारांत जिनें तिची सेवा केली त्या भाचीस ती जमीन द्यावी असें तिच्या मनांत होतें. कागद दाखवून घरच्यांनीं तिला गप्प केलें. ती १९७४ सालीं गेली व जमीन आमच्याकडे आली. पुढें १९७७ मध्यें तुळसम्मा विरुद्ध शेषा रेड्डी या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पोटगीच्या पूर्वसिद्ध हक्काबद्दल दिलेल्या अशा मिळकतीवर, कागदांत निर्बंध लिहिलेला असला तरी, १९५६ पासून विधवेची पूर्ण मालकी आहे. म्हणजे आजी बोलत होती तेव्हां अठरा वर्षें ती मालकीण होती.

माझ्या हस्तलिखितांच्या यादींत या कागदापुढें ‘अन्नवस्त्रपत्र, विशेष कांहीं नाहीं’ असा शेरा माझ्याच अक्षरांत आहे. शेरा दुरुस्त करून कागद मंडळाच्या दप्तरीं देत आहें. असे कागद दोन पैशांची रद्दी म्हणून ज्यांनीं निराळे काढून ठेवले असतील, त्यांनीं मिळकतीचें वर्णन, घर विभक्त कीं एकत्र तें, आणि विधवेच्या मृत्यूचें साल एवढें तरी टिपून कळवावें.