उच्च शिक्षण मोफत; पण कोणाच्या पदरचे?

८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळाली. अट एवढीच, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे. पूर्वी ही सवलत निम्म्या शुल्कापुरती होती. निर्णयाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्यानिमित्ताने दोन टोकांची मते पुन्हा ऐकू आली. एक म्हणते, पदवीपर्यंतचे सारे शिक्षण सर्वांना मोफत करा. दुसरे म्हणते, करदात्याच्या पैशावर कोणाच्या मुलांनी इंजिनिअर का व्हावे? हा वाद करवीरच्या भूमीला नवा नाही. दोन्ही मते तपासायला येथील शतकभराचा अनुभव पुरेसा आहे.

करदात्याचा आक्षेप आज श्रीमंतांच्या तोंडी आढळतो. महाराष्ट्रात तो ठामपणे मांडला जोतीराव फुले यांनी, रयतेच्या बाजूने. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी सरकारचे कान टोचले, की महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. आधी खेड्यांतल्या प्राथमिक शाळा, ही त्यांची मागणी. पण त्याच निवेदनात, सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घेऊ नये, असेही त्यांनी बजावले. हा दुसरा भाग आज कोणी उद्धृत करीत नाही. फुल्यांचा आक्षेप खर्चाच्या क्रमाला होता. सरकारची जबाबदारी त्यांनी कधीच नाकारली नाही.

हा क्रम राज्यकारभारात उतरवला राजर्षी शाहू महाराजांनी. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. उच्च शिक्षणासाठी त्यांनी धरलेली वाट मात्र वेगळी होती. राजाराम कॉलेज कोल्हापुरात आधीपासून होते. तरी बहुजनांची मुले तेथे का पोहोचत नाहीत, याचा शोध घेताना महाराजांच्या लक्षात आले, की खेड्यातल्या मुलाला अडवतो तो शहरातला मुक्काम आणि दोन वेळचे जेवण. म्हणून १९०१ मध्ये मराठा व जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क, अशी वसतिगृहांची रांग उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. शिकायची सोय आणि शिकल्यावर काम, ही दोन्ही टोके एकाच धोरणात बांधलेली होती.

याच जिल्ह्यातील कुंभोजचे भाऊराव पाटील या विचाराला आणखी एक पाऊल पुढे घेऊन गेले. मुलगा कॉलेजात गेला की घरातले कमावते हात कमी होतात. हा खर्च कोणत्याही शुल्काच्या पावतीवर दिसत नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही त्यावरची तोड होती. पुढे शिवाजी विद्यापीठानेही ती स्वीकारली.

शुल्कमाफीवर टीका करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शुल्क हा लहान अडथळा आहे, असे म्हणत म्हणत तो वाढवण्याचे समर्थन करता येते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले होते, की कला महाविद्यालयांच्या खर्चातील ३६ टक्के रक्कम शुल्कातून वसूल होते. याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. परवडणारे शिक्षण हे मेहेरबानीचे नव्हे, हक्काचे, ही त्यांची भूमिका होती. स्वतः ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले होते. सार्वजनिक पैसा एका विद्यार्थ्यावर खर्च झाला आणि त्याची परतफेड साऱ्या देशाला मिळाली. करदात्याने हा हिशेबही मांडावा.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर दिले ते कोल्हापूर जिल्ह्यातल्याच एका माणसाचा हात असलेल्या अहवालाने. बहिरेवाडीत जन्मलेले, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ च्या अहवालाने प्राथमिक व माध्यमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत करायला सांगितले. विद्यापीठीय स्तरावर गरजू व पात्र अशा सर्व विद्यार्थ्यांना शुल्कमुक्त करावे आणि पहिली पायरी म्हणून ३० टक्के विद्यार्थ्यांना नादारी द्यावी, असे सुचवले. महाराष्ट्राने त्याआधीच, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, ईबीसी सवलत सुरू केली होती. १२०० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेच्या त्या सवलतीवर शिकलेली पिढी आज निवृत्तीच्या वयात आहे. तिने भरलेल्या कराची बेरीज कोणी केली नसली, तरी ती सवलतीपेक्षा मोठीच असणार.

१९८३ नंतर चित्र पालटले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, कर्नाटकात जाणारी मुले राज्यातच शिकू लागली, हे नाकारता येत नाही. पण अनुदानाच्या काळात सरकार शिक्षकाचे वेतन देई. आता ते विद्यार्थ्याच्या नावे शुल्क भरते. माझी खरी हरकत येथे आहे. विनाअनुदानित महाविद्यालयातले शिक्षण विद्यार्थिनीला मोफत झाले, तरी तिजोरीला ते शुल्क नियामक प्राधिकरणाने मान्य केलेल्या दरानेच पडते. त्याच वेळी ग्रामीण भागातील अनुदानित कला-विज्ञान महाविद्यालयांत रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्ग चालवतात. भुदरगड-आजऱ्याची बहुसंख्य मुले शिकतात ती याच महाविद्यालयांत. शुल्क कमी, पण शिकवणारा कायम नाही, अशा शिक्षणाला मोफत म्हणून काय साधणार?

मग सर्वांनाच मोफत का नको? २०२१-२२ च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. म्हणजे कॉलेजच्या वयातील दर दहांपैकी सुमारे सात जण त्या दाराबाहेर आहेत. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार आणि आपल्या फडात राबणारी बीडची ऊसतोड मजूर साबणावर आणि चपलेवर कर भरतातच. त्यांच्या पैशातून सधन घरातल्या मुलाचेही शुल्क माफ करणे फुल्यांच्या आक्षेपाला पुन्हा जिवंत करणे होय.

यावरचे प्रत्युत्तरही वजनदार आहे. उत्पन्नाचा दाखला हा आपल्याकडे फसवा कागद आहे. पगारदाराचा रुपया न् रुपया नोंदला जातो; शेतीचे उत्पन्न आयकराच्या कक्षेबाहेर असल्याने मोठा बागायतदारही कागदावर गरीब ठरू शकतो. शिवाय केवळ गरिबांसाठी असलेली सेवा हळूहळू दुबळी होते. जर्मनीत काही राज्यांनी शुल्क सुरू केले, पण २०१४ पर्यंत ते सर्वत्र मागे घेतले गेले. तेथील करव्यवस्था तो भार पेलते. इंग्लंडमध्ये १९९८ चे १ हजार पौंडांचे शुल्क २०१२ मध्ये ९ हजारांपर्यंत पोहोचले. एकदा दार किलकिले झाले की ते कुठवर उघडते, याचा हा धडा. आपल्याला जवळचा वाटतो चिलीचा मार्ग. तेथे २०१६ पासून कमी उत्पन्नाच्या निम्म्या कुटुंबांपासून सुरुवात करून मर्यादा वर नेली गेली.

माझा निष्कर्ष असा. सर्वांना मोफत हे ध्येय असावे, पण क्रम फुले-शाहूंचा असावा. पहिला पैसा वसतिगृह, खाणावळ आणि एसटीच्या पासवर. दुसरा अनुदानित महाविद्यालयांतील कायम शिक्षकांवर. तिसरा शुल्कमाफीवर, आणि तीही उत्पन्न पाहून मुलग्यांनाही. कमावते झाल्यावर प्रत्येकाने चढत्या दराने आयकर भरावा, हीच परतफेड. वेगळ्या कर्जाचे ओझे नको.

मुलींना मिळालेली माफी टिकलीच पाहिजे. पण गगनबावड्याच्या एखाद्या वाडीतली मुलगी कोल्हापुरात प्रवेश घेते तेव्हा शुल्काचा रकाना कोरा असला, तरी खोलीभाडे आणि मेसचे पैसे मागणारे दुसऱ्या दिवशी दारात उभे असतात. १९०१ साली या शहराने तो हिशेब ओळखला होता. आजच्या योजनेने तो पुन्हा मांडायला हवा.