‘कथा वाईट आहे’ म्हणजे नेमकं काय? जळालेलं झाड आणि चिडलेले खेळाडू

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘या गेमची कथा गेल्या काही वर्षांत वाईट झाली आहे.’ गाइड मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले, ‘कोणासाठी? कशावरून?’ मला राग आला. कशावरून म्हणजे काय, कित्येक वर्षं खेळतेय मी तो गेम! पण त्या दोन प्रश्नांनी माझा विषयच बदलून टाकला. ज्या गोष्टीवर तुमचं प्रेम आहे, किंवा जिचा तुम्हाला मनापासून राग येतो, तिच्यावरच पीएच.डी. करायचा तुमचा विचार असेल, तर हे तुमच्याही कामाचं आहे.

गेम आहे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझर्ड कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. अझेरॉथ नावाच्या एकाच काल्पनिक जगात हजारो खेळाडू एकाच वेळी वावरतात. अलायन्स आणि होर्ड असे दोन पक्ष, प्रत्येकाच्या वेगवेगळ्या जमाती, राजधान्या, जुनी वैरं. साधारण दर दोन वर्षांनी नवा विस्तार येतो आणि कथा पुढे सरकते. आणि जवळजवळ प्रत्येक विस्तारानंतर खेळाडू म्हणतात, ‘कथेची वाट लावली.’

ही तक्रार हातात आल्यावर आपण दोन चुका करतो. एक म्हणजे ती जशीच्या तशी निष्कर्ष म्हणून मांडतो. मी तेच केलं होतं. दुसरी म्हणजे ‘फॅन लोक रडतातच’ म्हणून ती बाजूला सारतो. दोन्हीकडे तक्रारीत नक्की काय दडलंय हे बघायचं राहूनच जातं.

मला उपयोगी पडली ती लिस्बेथ क्लस्ट्रप आणि सुसाना टोस्का यांची २००४ मधली मांडणी. कथा, चित्रपट, गेम अशा अनेक माध्यमांत पसरलेल्या काल्पनिक जगाचे त्या तीन आधार सांगतात: मिथॉस, टोपॉस आणि ईथॉस. मिथॉस म्हणजे त्या जगाचा पुराणेतिहास, मूळ संघर्ष. टोपॉस म्हणजे स्थळ आणि काळ. ईथॉस म्हणजे त्या जगातली नीती, तिथला माणूस कसा वागेल आणि कसा वागणार नाही. आता ‘कथा वाईट’ ही तक्रार घ्या आणि विचारा, या तिघांपैकी मोडलंय काय?

पहिलं उदाहरण काळाचं. डिसेंबर २०१० मध्ये ‘कॅटॅक्लिझम’ हा विस्तार आला. डेथविंग नावाच्या ड्रॅगनने जग फोडलं, आणि कंपनीने २००४ पासूनचे जुने प्रदेश खरोखरच नव्याने बांधले. क्वेस्ट सुधारल्या, कंटाळवाणी पायपीट कमी झाली. पण २००७ आणि २००८ च्या विस्तारांतले प्रदेश तसेच राहिले. परिणाम काय झाला बघा. नवा खेळाडू साठाव्या पातळीच्या आसपासपर्यंत डेथविंगने फोडलेल्या जगात फिरायचा. मग त्याला जुन्या विस्तारांत जावं लागायचं, जिथे लिच किंग अजून जिवंत होता. ते संपलं की परत डेथविंगच्या काळात. राजधानीत गॅरॉश होर्डचा प्रमुख होऊन बसलेला, आणि पुढे नॉर्थरेंडमध्ये तोच गॅरॉश थ्रॉलच्या हाताखालचा सेनानी! इथे प्रत्येक तुकडा वेगळा वाचला तर चांगला आहे. बिघाड सांध्यात आहे. म्हणजे तक्रार ‘कथा वाईट’ अशी ऐकू येते, पण मोडलाय टोपॉस.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं, कारण माझं पहिलं पात्र नाइट एल्फ होतं. नाइट एल्फ जमातीच्या पात्राचा जन्म टेलड्रासिल या अवाढव्य झाडावर व्हायचा. त्याच्या माथ्यावर डार्नासस ही राजधानी. २०१८ च्या उन्हाळ्यात, ‘बॅटल फॉर अझेरॉथ’ या विस्ताराच्या तोंडावर, होर्डची प्रमुख सिल्व्हानस हे झाड जाळायचा हुकूम देते. अलायन्सच्या खेळाडूला पेटत्या शहरात धाडलं जातं: मिनिटं मोजकी, वाचवायची माणसं शेकडो. सगळ्यांना वाचवणं शक्यच नसतं.

मी सांगते, हा प्रसंग प्रभावी होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि माझ्या वाचनात आलेल्या बऱ्याच संतप्त खेळाडूंचीही नव्हती. राग पुढच्या गोष्टींचा होता. पुढची दोन-तीन वर्षं कथा वळत राहिली ती सिल्व्हानसच्या मनाकडे: तिने हे का केलं, तिचा छुपा हेतू काय. २०२० च्या ‘शॅडोलँड्स’मध्ये कळतं की ती जेलर नावाच्या नव्या खलनायकाशी हातमिळवणी करून होती. मग तिच्या आत्म्याचा पूर्वीच तुटलेला तुकडा तिला परत मिळतो आणि तिला पश्चात्ताप होतो. ज्यांचं घर जळलं त्यांचं दुःख मात्र या सगळ्यात समासात गेलं. नाइट एल्फांना आमिरड्रासिल हे नवं झाड मिळालं ते २०२३ च्या अखेरीस.

होर्डच्या खेळाडूंचा राग वेगळा होता, आणि इथे ईथॉस कामी येतो. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ पासून थ्रॉलचा होर्ड म्हणजे हाकलल्या गेलेल्यांनी मानाने जगण्यासाठी केलेली एकजूट, असं खेळाडूंच्या मनावर ठसलेलं. पुढे गॅरॉशने २०१२ मध्ये थेरामोर हे शहर उद्ध्वस्त केलं आणि २०१३ मध्ये त्याला पाडण्याची लढाई खेळाडूंनीच लढली. पाच वर्षांनी पुन्हा तेच: प्रमुख खलनायक, होर्डमध्ये फूट. यावेळी सॉरफँग की सिल्व्हानस, अशी निवड खेळाडूपुढे ठेवली. पण कोणाचीही बाजू घ्या, २०१९ मध्ये सॉरफँग मरतो आणि सिल्व्हानस निघून जाते. ‘मी असा वागलो नसतो, पण मला वागायला लावलं,’ ही तक्रार कादंबरीचा वाचक करू शकत नाही. त्याच्या हातून कोणी आग लावून घेत नाही.

आता माझ्याच मांडणीला छेद देणारा पुरावा. संशोधनात तो आपणच शोधायचा असतो, व्हायवात परीक्षकाने शोधण्याआधी. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने ‘क्लासिक’ आणला, म्हणजे साधारण २००६ सालचं अझेरॉथ जसंच्या तसं. पहिल्या दिवसांत सर्व्हरवर शिरायला रांगा लागल्या. पण त्या जुन्या गेममध्ये कथा म्हणाल तर बेताचीच! अमुक इतकी रानडुकरं मारा, तमुक इतकी कातडी आणा. लोकांना ‘चांगली कथा’ हवी होती, तर ते इथे का परतले?

मला सापडलेलं उत्तर असं. कथाकार जगाकडे रंगमंच म्हणून बघतो: अंक संपला की नेपथ्य बदललं. खेळाडू त्याच जगाकडे गाव म्हणून बघतो. कुठल्या वळणावर आपण पहिल्यांदा मेलो, कुठल्या पुलावर अनोळखी माणसाने मदत केली, हे त्याला पाठ असतं. गाव बदलतं हे गावकऱ्याला मान्य असतं. बदलाचा हिशोब कुणी ठेवत नाही, तेव्हा तो चिडतो. टेलड्रासिलचंच बघा. आगीनंतरही नवा नाइट एल्फ बनवला की त्याची सुरुवात त्याच हिरव्या, शाबूत झाडावर व्हायची. झिडॉर्मी नावाच्या पात्राशी बोललं की जुन्या खेळाडूलाही आगीच्या आधीच्या काळात जाता येतं. खेळाची सोय म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण ज्या जगात झाड एकाच वेळी जळालेलंही आहे आणि हिरवंही, तिथे शोक करायचा तरी कुठे उभं राहून?

म्हणून माझं गृहीतक आता असं आहे: बरीचशी नाराजी कथेच्या दर्जाबद्दल नसून जगाच्या स्मरणशक्तीबद्दल आहे. ते चुकीचंही ठरू शकेल. चिडलेले लोक बोलतात आणि खूश असलेले खेळत राहतात, त्यामुळे हाती येणारी सामग्री मुळातच एका बाजूला झुकलेली. न बोलता सोडून गेलेल्यांचं तर काहीच हाती लागत नाही. तक्रारी किती आहेत यावरून बहुमत ठरत नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आणि ‘मी स्वतः फॅन आहे, मग मी हे संशोधन करावं का?’ करावं. मानववंशशास्त्रज्ञ बॉनी नार्डी यांनी याच गेममध्ये नाइट एल्फ होऊन प्रदीर्घ क्षेत्रकार्य केलं आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जगात शिरल्याशिवाय त्यांना ते लिहिता आलं नसतं. फक्त आत शिरलेल्याने आपण कुठे उभे आहोत हे सांगायला हवं. मी माझ्या प्रकरणात लिहिलंय: संशोधक नाइट एल्फ आहे, आणि तिचं घर जळालेलं आहे. मॅडमनी यावेळी रेघ मारली नाही.

तुम्ही एक करून बघा. तुमच्या आवडत्या मालिकेबद्दलच्या, गेमबद्दलच्या किंवा कादंबरीमालेबद्दलच्या वीस तक्रारी गोळा करा. प्रत्येकीपुढे लिहा: मिथॉस, टोपॉस की ईथॉस? ज्या कुठल्याच खणात बसणार नाहीत त्या वेगळ्या ठेवा, फेकू नका. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा त्या उरलेल्या ढिगातच असतो. माझा तिथेच सापडला.