उदासीन रंग आणि ठळक रंग : पूर्व विदर्भातील मातीच्या घराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

गृहअर्थशास्त्राच्या अध्यापनात गृहसजावटीचा एक संकेत सर्वमान्य झाला आहे. भिंतींना पांढरा, बदामी वा राखाडी असा उदासीन रंग द्यावा आणि पडदा, उशी किंवा एखादी भिंत यांतून ठळक रंगाची योजना करावी. साठ, तीस व दहा टक्के हे प्रमाणही सांगितले जाते. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे नागझिरा अभयारण्याच्या कडेचे गाव. अशा गावांच्या परिसरातील मातीच्या घराच्या संदर्भात हा संकेत कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदासीनतेची संकल्पना

अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये मांडलेल्या रंगपद्धतीत छटा, उजळपणा व तीव्रता ही रंगाची तीन परिमाणे आहेत. तीव्रता शून्य असलेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा अक्ष तेवढा उदासीन होय. या कसोटीवर बदामी किंवा मातकट रंग उदासीन ठरत नाहीत. ते केवळ मंद आहेत. सजावटीच्या व्यवहारात ही संज्ञा सैल झाली असून 'डोळ्यांत न भरणारा रंग' एवढाच तिचा अर्थ उरला आहे. मात्र कोणता रंग डोळ्यांत भरावा हे भोवतालावरही अवलंबून असते. पावसाळ्यानंतरच्या हिरव्या रानात चुन्याची पांढरी भिंत मुळीच उदासीन नसते. ती दुरूनही उठून दिसते.

पांढरा रंग निरपेक्ष नाही याला इतिहासही साक्षी आहे. ल कॉर्बुझिए याने 1925 मधील आपल्या ग्रंथात चुन्याच्या पांढऱ्या भिंतीचा पुरस्कार केला, तो स्वच्छतेसाठी तसाच नैतिक शुद्धतेच्या कल्पनेपोटीही. म्हणजे ज्याला पाठ्यपुस्तक तटस्थ पार्श्वभूमी मानते, त्यामागे एक जीवनदृष्टी उभी आहे.

मातीच्या घरातील रंगयोजना

पूर्व विदर्भातील मातीच्या घरात भिंतीला मातीचा गिलावा, त्यावर पांढऱ्या मातीचा वा चुन्याचा हात आणि तळाशी गेरूचा किंवा शेणामातीचा गडद पट्टा ही योजना परिचित आहे. वरवर पाहता ती पाठ्यपुस्तकातील नियमाचेच उदाहरण वाटते. तिचे कारण मात्र निराळे आहे. पागोळ्यांचे पाणी अंगणातील माती उडवते व भिंतीचा पायथा मळतो. डाग जेथे पडायचा तेथेच गडद रंग दिला जातो. लहान खिडक्यांच्या घरात पांढरी भिंत उजेड परतवते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो, तर गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. येथे ठळक रंगाची जागा झीज, पाणी व उजेड यांनी ठरविली आहे. सौंदर्य त्या निर्णयातून आले आहे.

वारली परंपरेत हे प्रमाण उलटे होते. तेथे गेरू-मातीची गडद भिंत ही भूमी, आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग हीच ठळक रेषा. 1970 च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विवाहाच्या चौकाशी जोडलेले हे चित्रण ठाणे-पालघर भागातील आहे. त्याची नक्कल कोणत्याही भागातील भिंतीवर 'आदिवासी' खूण म्हणून करणे म्हणजे स्थानिक रंगयोजनेकडे डोळेझाक करणे होय.

मर्यादा

या विवेचनातून मातीच्या घराचे उदात्तीकरण अभिप्रेत नाही. सारवण-पोतणी दरवर्षी करावी लागते आणि ते कष्ट प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येतात. वाळवी, गळती व ओल यांचा अनुभव असलेल्या कुटुंबाने पक्क्या घराची इच्छा धरावी यात गैर काहीच नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरविण्यात आले. एवढ्या जागेत दिवाणखाना गृहीत धरणारी सजावट-सूत्रे अप्रस्तुत ठरतात. तळाच्या पट्ट्यामागील तर्क मात्र सिमेंटच्या भिंतीलाही लागू पडतो.

निष्कर्ष

उदासीन व ठळक रंगांचा संकेत चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. तो प्रमाण सांगतो, कारण सांगत नाही. ग्रामीण विद्यार्थिनी हा संकेत पाठ करते आणि आपल्या आईने पोतलेली भिंत सजावटीच्या कक्षेबाहेरची मानते, तेव्हा हानी केवळ अभिरुचीची होत नाही. घरातील ज्ञान आणि श्रम दोन्ही अदृश्य होतात. म्हणून प्रात्यक्षिकात रंगचक्राबरोबर गावातील भिंतींचे निरीक्षणही असावे. कोणता रंग कोठे आहे, तो कोणी दिला व का दिला, हे प्रश्न विद्यार्थिनींनी विचारले पाहिजेत. या प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावरच साठ-तीस-दहाचे गणित अर्थपूर्ण होईल.