हवेची बंदूक आणि कादंबरीकार

कादंबरीकाराने आपल्याच कादंबरीवर टीका लिहावी, हा प्रकार फारसा शिष्टसंमत नाही. परंतु माझ्या कादंबरीतील जे प्रकरण वाचकांनी सर्वांत अधिक वाखाणले, तेच खोटे आहे असे मला आता कळून चुकले आहे. आणि दुसरी आवृत्ती छापखान्यात जाण्यापूर्वी हा कबुलीजबाब देऊन टाकावा, या हेतूने हे लिहीत आहे.

प्रकरण असे : साल 1899. नाशिकच्या एका वाड्यातील आठ वर्षांचा मुलगा दुपारी सारे झोपलेले असताना माडीवर जातो, वडिलांनी मुंबईहून आणलेली ‘बीएसए’ची छर्‍याची बंदूक उचलतो, दोन बोटांनी तिची कमान ताणतो आणि कौलावर बसलेला होला मारतो. पहिला अपराध आणि त्या अपराधाचे एकटेपण, असा त्याचा आशय.

देवळालीच्या एका निवृत्त गृहस्थांचे मला पोस्टकार्ड आले. कादंबरी आवडली, मात्र बीएसएने हवेच्या बंदुका 1905 पासून काढल्या, तेव्हा 1899 साली ती नाशिकला कशी पोहोचली? एकदा येऊन जावे.

मला राग आला, हे लपवीत नाही. चेकॉव्हची भिंतीवर टांगलेली बंदूक सर्वांना ठाऊक आहे. ती कोणत्या कारखान्याची होती, हे कोणी विचारीत नाही. कादंबरी म्हणजे काही मालाची यादी नव्हे! हे सारे मी मनाशी म्हणालो. पण मग प्रश्न उरला : तसे होते, तर मी कारखान्याचे नाव घातलेच का? उत्तर लाजिरवाणे होते. माहितगार दिसावे म्हणून. आणि 1899 हे साल? शतकाच्या अखेरचा आकडा कानाला बरा लागतो म्हणून.

शेवटी गेलो. गृहस्थांनी पलंगाखालची पेटी ओढली, तेलाचा वास सुटला. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज यांनी 1904 मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि सैन्यासाठी रायफली घडविणाऱ्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीने त्या बंदुका बनविल्या, हे मला तेथे समजले. नळीखालचा दांडा खाली ओढला की आतला दट्ट्या मागे सरतो आणि कमान दाबली जाते. छर्रा ठेवण्यासाठी तोटीच्या चावीसारखा फिरता तुकडा असतो. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो आणि दाबलेल्या हवेने छर्रा सुटतो. इंग्लंडात मद्यगृहांतून या बंदुकांच्या चढाओढी होत. लोखंडी पत्र्याला पाऊण बोटभरही नाही एवढे भोक आणि मागे घंटा. छर्रा आत गेला तरच घंटा वाजे. जवळून गेला, असे म्हणण्याची तेथे सोय नाही. टीकाकारांनी असा एक पत्रा जवळ बाळगावा, असे मला वाटून गेले.

गृहस्थांनी प्रत्येक बंदुकीचा क्रमांक, दस्त्यावरचा शिक्का, दुरुस्तीची खूण वहीत टिपून ठेवली होती. इंग्लंडात जॉन निब्स यांनी याच बंदुकांवर पुस्तक लिहिले आहे. अशा लिखाणाला आपण साहित्य म्हणत नाही. पण आपल्याकडेही दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि दिवे व अडकित्ते गोळा करीत. पुण्यातील त्यांचा संग्रह पाहिलेल्याला ती दोन कामे वेगळी वाटत नाहीत.

“ओढा बघू, मास्तर,” गृहस्थ म्हणाले. मी दांडा ओढला. आला, पण दंडातून जोर लावावा लागला. त्यांचा सातआठ वर्षांचा नातू शेजारीच होता. आजोबांनी दस्ता घट्ट धरला आणि तो दांड्याला अक्षरशः लोंबकळला. दांडा अर्ध्यावर आला आणि थांबला.

माझे प्रकरण तेथे कोसळले. सालाची चूक पुसता आली असती. पण त्या मुलाला ती बंदूक एकट्याने भरताच आली नसती!

घरी येऊन कॉनन डॉइलची 1903 सालची ‘रिकामे घर’ ही कथा काढली. तीतील हिंदुस्थानी फौजेतला माजी कर्नल मोरान हवेच्या बंदुकीने शेरलॉक होम्सला मारू पाहतो. आंधळ्या जर्मन कारागिराने घडविलेली ती बंदूक रिव्हॉल्व्हरची गोळी झाडते. हा बनाव डॉइलचा. पण मोरान गुडघा टेकून सारा भार दांड्यावर घालतो, हे डॉइल विसरलेला नाही. बंदूक काल्पनिक, भार खरा. माझ्याकडे नेमके उलटे झाले होते.

सालिम अलींचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे 1985 सालचे आत्मचरित्रही पुन्हा उघडले. लहानपणी हवेच्या बंदुकीने मारलेली चिमणी निराळी दिसली; ती कोणती, हे विचारायला ते 1908 मध्ये मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेत मिलार्ड यांच्याकडे गेले. पिवळ्या गळ्याची चिमणी, असे उत्तर मिळाले. तेथे सगळा कस पाखराच्या नावावर आहे. लेखकाने अचूक कोठे असावे, हे त्याचा विषय ठरवितो. पण कोठेतरी तो अचूक असलाच पाहिजे. आमच्या कादंबऱ्यांतील तलवार नेहमी तळपते आणि बंदूक कडाडते. ती उचलणाऱ्याच्या मनगटाला काय होते, हे क्वचितच कळते.

मी प्रकरण पुन्हा लिहिले. साल केले 1910. नाशिककराला त्या आकड्याचे वजन सांगावे लागत नाही. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. अशा वर्षी नाशिकच्या वाड्यात बंदुकीसारखी दिसणारी वस्तू असणे, हे निरागस बालपण राहत नाही.

आणि मुलाला दांडा ओढवत नाही. तो हट्ट धरतो. वडील आधी खिडकी लावतात, मग मुकाट्याने कमान ताणून देतात, आणि पुन्हा खिडकी बोटभर उघडतात. होला पडतो तेव्हा त्या अपराधात दोघे असतात. आणि वडिलांची मान पाखराकडे नव्हे, रस्त्याकडे वळते. एकटेपणाचे ते सुंदर वाक्य मी खोडले. ते खोडताना दुःख झाले. पण जे गमावले ते माझे होते, जे आले ते त्या दोघांचे आहे.

नवे प्रकरण देवळालीला पाठविले. उत्तर आले, पुन्हा पोस्टकार्डच. त्यात एकच ओळ होती : छर्रा कोणत्या मापाचा, ते लिहिलेले नाही.

मी लिहून टाकले आहे.