आडवे गेलेले मांजर

विज्ञानाच्या गप्पा रंगात आल्या की एक मांजर हमखास आडवे जाते. ते श्रोडिंगरसाहेबांचे. दहावीचा निकाल लागायचा असो की मुलीकडून होकार यायचा असो, कोणीतरी चष्मा वर सरकवून म्हणतोच, "सध्या श्रोडिंगरचं मांजर आहे बघा! जिवंतही आणि मेलेलंही!" ऐकणारे माना डोलावतात. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची सवय आपल्याला गाण्याच्या मैफलींनी लावलेलीच आहे.

मूळ प्रकरण असे. १९३५ साली एर्विन श्रोडिंगर यांनी एका लेखात लिहिले, की पोलादी पेटीत मांजर कोंडा. सोबत चिमूटभराहूनही कमी किरणोत्सारी द्रव्य ठेवा. तासाभरात त्यातला एखादा अणू फुटेल, किंवा फुटणारही नाही. फुटला तर हातोडी पडेल, विषाची कुपी फुटेल आणि मांजर मरेल. आता नव्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाहणी होईपर्यंत अणू दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात. म्हणजे मांजरही तसेच! हे उदाहरण हास्यास्पद आहे, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. थोडक्यात, तो टोमणा होता. लोकांनी त्याची आरती केली.

नळदुर्गला पाणीमहाल पाहून टपरीवर चहा घेत होतो, तर एका उत्साही पाहुण्याने तिथेही हे मांजर सोडले. निमित्त खंडोबाचे. या खंडोबाची देवळे दोन, एक अणदूरला आणि एक नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती मात्र एकच. वर्षातले सव्वादहा महिने ती अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. हलवताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर करार होतो. पाहुणा म्हणाला, "म्हणजे दार उघडेपर्यंत दोन्हीकडे!" बाकावरच्या फेटेवाल्या आजोबांनी बशी खाली ठेवली. "देव समदीकडंच असतोय, पाव्हणं. मूर्ती एकाच जागी असतीय. दार लावलं म्हणून ती दोन हुईत न्हाई."

मांजरापुरते श्रोडिंगर यांचे म्हणणे हेच होते. फक्त ते जर्मनमध्ये होते.

निकालाचा दाखलाही चुकीचाच. निकाल कागदावर ठरलेला असतो, आपल्याला ठाऊक नसतो इतकेच. श्रोडिंगर यांनीच हा फरक सांगितला आहे: हात हलल्याने पुसट आलेला फोटो वेगळा, आणि धुक्याचा काढलेला फोटो वेगळा. अणूपाशी खरेच धुके असेल, तर मांजरापर्यंत येता येता ते विरते कुठे? खरा प्रश्न हा. त्याचा पाठपुरावा करणारेही निघाले. मोजक्या प्रकाशकणांवर हे विरणे प्रयोगशाळेत पाहणारे सर्ज हारोश २०१२ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

फिलिपा फूट यांच्या ट्रॉलीचीही हीच गत. गर्भपाताच्या नीतिविचारावरील १९६७ च्या लेखात त्यांनी विचारले होते, की पाच जणांना वाचवण्यासाठी गाडी एकाच्या अंगावर वळवलेली आपल्याला चालते. मग पाच जीव वाचावेत म्हणून न्यायाधीशाने एका निरपराध्याला फाशी दिलेले का चालत नाही? आपण दुसरा अर्धा भाग गाळला आणि पहिल्याचे सहलीतले कोडे केले.

टोमणा कळला नाही तर टोमणा मारणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिघडते आपले, कारण उत्तर मिळाल्याच्या समाधानात आपण विचारायचे थांबतो. मांजराचे काय झाले ते पेटी उघडल्यावर कळेल. प्रश्न मात्र आत गुदमरून मेलेला आहे, आणि त्याबाबत कसलीही संदिग्धता नाही.