प्रयोगशाळा कोणाच्या दारात?

अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ साली सुरू झाली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. निम्मे उभारणीसाठी, उरलेले पाच वर्षे चालवण्यासाठी. सहावी ते बारावीच्या मुलांनी त्रिमिती प्रिंटर, सेन्सर, मोटारी हाताळाव्यात, उघडाव्यात, पुन्हा जोडाव्यात ही कल्पना उत्तमच आहे. तक्रार आहे ती पात्रतेच्या मूळ निकषांबद्दल. सपाट प्रदेशातल्या शाळेकडे १५०० चौरस फूट बांधीव जागा हवी. शिवाय संगणक, इंटरनेट, ग्रंथालय, मैदान हवे.

१५०० चौरस फूट म्हणजे साधारण तीन वर्गखोल्या. दाट वस्तीतल्या, दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेने त्या आणायच्या कुठून? महागडी यंत्रे धूळ खात पडू नयेत एवढाच निकष लिहिणाऱ्यांचा हेतू असणार. परिणाम मात्र असा, की जिथे आधीच बरेच काही आहे तिथेच लॅबही जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० लॅब उभारण्याची घोषणा झाली, हे स्वागतार्ह आहे. तरीही पालिकेच्या सातवीपर्यंतच्या शाळेतल्या मुलांच्या वाट्याला त्यातली दोनच वर्षे येतात.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. विषमता साधनांची आहे, साधने दिली की ती मिटेल, हे गृहीतच तपासून पाहायला हवे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवातीची वर्षे मुंबईत नाना चौकातल्या पालिका शाळेच्या इमारतीत गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राने पालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी त्यावर लिहिले आहे. तिथे भर होता तो भाषेची अडचण दूर करण्यावर, मुलांना बोलते करण्यावर आणि त्यांच्याबरोबर सातत्याने वेळ घालवण्यावर. मुलांची कामगिरी सुधारली. या कामात सर्वांत महाग वस्तू होती ती शिक्षकाचा वेळ, आणि आजच्या योजनांत नेमकी तीच सर्वांत स्वस्त धरली जाते.

कोल्हापूरचेच पाहा. इथल्या कितीतरी मुलांचे वडील फौंड्रीत काम करतात. ओतकामाचा लाकडी पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. हे शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिराला पाठ असते, त्याच्या मुलाच्याही कानावर असते. तोच मुलगा ‘स्थायूंचे प्रसरण व आकुंचन’ या प्रश्नाला कोरा कागद देतो. पॅटर्न मोठा का करतात, असे त्याला कोणी विचारलेलेच नसते! आणि विचारायचे तर शिक्षकाला फौंड्रीत एकदा तरी जाऊन यायला हवे. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे यांतून ती दुपार मोकळी कधी होणार?

नव्या लॅबचे निकष लिहिताना जागेचा रकाना थोडा खाली न्यावा. वर एक रकाना असावा: या शाळेतल्या विज्ञानशिक्षकाला आठवड्यातले किती तास फक्त विज्ञानासाठी मिळतात?