मणी कुणाच्या गळ्यात?

नांदगावहून भुसावळकडे निघालं की पुढचं मोठं स्टेशन चाळीसगाव. त्याच तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे आहे. पाटणे म्हटलं की आपल्याला भास्कराचार्य आठवतात, नाहीतर पाटणादेवी. पण 'माणूस कला का करतो' असं कुणी विचारलं, तर मला इथला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक छोटासा तुकडा आठवतो.

एस. ए. साळी यांनी १९७२-७३मध्ये इथे उत्खनन केलं, त्यात तो सापडला. समांतर रेघा आणि त्यांच्या मधल्या पट्टीत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा. वय सुमारे २५ हजार वर्षं. भारतात इतर ठिकाणी मिळालेल्या अशा कवचांवरची बरीचशी 'नक्षी' तपासणीत नैसर्गिक ओरखडे निघाली; पाटण्याच्या रेघा मात्र माणसाच्या हातच्या मानल्या जातात. शिवाय इथे कवचाचे मणीही मिळाले.

या रेघांनी कुणाचं पोट भरलं नसणार. मग खटाटोप कशाला? 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकरांचा वाद आपण शाळेपासून ऐकतो. उत्क्रांतीवाल्यांचा वाद ऐकताना मला तोच जीवशास्त्राचे कपडे घालून आल्यासारखा वाटतो. स्टीव्हन पिंकर यांनी १९९७मध्ये संगीताला चीजकेकची उपमा दिली: जिभेला आवडतं, पण जगण्यासाठी त्याची गरज नाही. जेफ्री मिलर (२०००) आणि डेनिस डटन (२००९) यांना कलेत मोराचा पिसारा दिसतो. जोडीदारावर छाप पाडायची, आपलं कसब मिरवायचं.

पिसाऱ्याची कल्पना वाचायला मजेदार आहे. मण्यापाशी मात्र ती अडते. मणी करायचा तर कवचाचे बारीक तुकडे करा, भोक पाडा, कडा घासून गोल करा. एवढं करून काय मिळतं? शेजारच्या मण्यासारखाच आणखी एक मणी. ज्याला उठून दिसायचंय, तो सारखेपणासाठी इतका जीव का काढेल? माळेची शोभाच मुळी सारखेपणात आहे.

एलन दिसानायके यांचं म्हणणं मला जास्त पटतं. साध्या गोष्टीला 'विशेष' करणं ही माणसाची जुनी सवय आहे आणि त्यातून माणसं एकमेकांशी बांधली जातात, असं त्या म्हणतात. त्याला आधार कलहारीत मिळतो. पॉली विस्नर यांनी १९७०च्या दशकापासून तिथल्या जु/होआन्सी लोकांमधल्या भेटींचा अभ्यास केला. शहामृगाच्या कवचाच्या मण्यांचे दागिने दूरदूरच्या माणसांना भेट म्हणून जात. आपल्याकडे पाणी-शिकार आटली की त्या माणसांच्या मुलखात जाऊन राहता येई. नांदगावसारख्या दुष्काळी तालुक्यात हे फोड करून सांगायला नको. पाऊस गेला की कुणाच्या दारी जायचं, हे सोयरिकीवरच ठरतं. पाटण्याच्या मण्यांना हीच प्रथा चिकटवण्याची घाई मी करणार नाही, पण मणी काय काम करू शकतो ते यातून दिसतं.

तरी या मांडणीबद्दल माझी एक तक्रार आहे. तिच्यात 'समूह' हा शब्द फार गोड वाटतो. मराठीत 'बांधणं' म्हणजे जोडणं आणि जखडणंही. आपल्या घरातले काळे मणी घ्या. ते ज्या बाईच्या गळ्यात आहेत ती कुणाची, हे न बोलता कळतं. नवरा गेला की तेच मणी उतरवले जातात आणि भोवतीचा समूह ते बघत उभा असतो. मणी गळ्यात असताना जेवढा बोलतो, त्याहून जास्त तो नसताना बोलतो. कलेमुळे समूह टिकला असेल, तर त्या समूहातून कुणाला बाहेर ठेवायचं हेही तिनेच दाखवलं असणार. हा हिशेब उत्क्रांतीच्या पुस्तकांत मला फारच तोकडा वाटतो.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पुढे राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेच करायला सांगितलं. मणी गळ्यात राहू द्या, एवढ्याच गोष्टीसाठी गावाला ठराव करावा लागला.